काकूंच्या गाडीची डिस्क

“आखरीले गाडी कोनं चालवली?”

कुणाच्याही गाडीला हात लावण्याआधी आमच्या शेजारचे काका हे विचारत. बिघाड काय, कधीपासून, हे सगळं नंतर. उत्तर मिळेपर्यंत ते पानासुद्धा उचलत नसत.

आम्ही मंगरूळपीरला राहतो. काका आसेगावच्या रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचे. वय झालं तशी जीप विकली, पण हात स्वस्थ बसेनात, म्हणून घराच्या अंगणात टिनाच्या शेडखाली ओळखीच्यांच्या गाड्या दुरुस्त करू लागले. ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकामागची ती लोखंडी थाळी, गंजून जागीच चिकटली की माणसं हमखास त्यांच्याकडे येत. इतर लोक घण घालतात. काका गंजावर तेल सोडायचे आणि डिस्कच्या दोन भोकांत बोल्ट बसवून एकदा हा, एकदा तो, असे थोडे थोडे आवळायचे, म्हणजे बोल्टच तिला मागून ढकलत. मग ज्याने गाडी शेवटची चालवली त्याने थाळीवर हात ठेवून ‘सोडलं’ म्हणायचं.

“ज्याचा पाय आखरीले ब्रेकवर व्हता, त्यानं धरलेलं रायते ते,” काका सांगत. “त्यानंच सोडावं लागते.”

तुम्ही हसाल. मीही हसले होते, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते. एकदा एका गृहस्थांची गाडी त्यांच्या पुण्यातल्या मुलाने शेवटची चालवलेली निघाली. काकांनी त्याला फोन लावायला लावला आणि तो फोन थाळीवर टेकवला. तो बिचारा ऑफिसच्या मीटिंगमध्ये. स्पीकरवर दबक्या आवाजात “सोडलं, सोडलं” म्हणाला आणि इकडे टण्णकन डिस्क सुटली. गृहस्थांचा चहा पँटवर सांडला. काका शांतपणे म्हणाले, “पोरगं गुनाचं हाय.”

काकांची स्वतःची गाडी मात्र शेडच्या कोपऱ्यात तशीच उभी असे. ती शेवटची काकूंनी चालवली होती. काकू केस पिकल्यावर गाडी शिकल्या, काकांची बोलणी खात खात. इंझोरीला माहेरी एकट्या जायच्या, तेव्हा खिडकीतून मला हात करायच्या. एका दुपारी तिथून परत आल्या, गाडी शेडमध्ये घेतली आणि उतरल्याच नाहीत. काकांच्या हाकेने मी धावले तेव्हा इंजिन चालूच होतं आणि काकूंचा पाय ब्रेकवर होता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर काका रोज सकाळी त्या गाडीभोवती झाडून घेत. दार मात्र कधी उघडलं नाही.

मग अकोल्याची लेक त्यांना कायमचं न्यायला आली. गाडीला रिठदचं गिऱ्हाईक मिळालं. पुढची डावी डिस्क गंजाने खाल्ली आहे, ती बदलून द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. काकांनी काम काढलं. तेल सोडलं, बोल्ट आवळले. एक बोल्ट तर वाकला. डिस्क हलेना.

एका भर दुपारी ते माझ्या दारात आले. सगळी कॉलनी झोपलेली होती, फक्त कूलर घरघरत होते.

“मॅडम, तुमी तिच्या मैत्रीण व्हत्या. जरा तिच्या जागी बसता काय? मी सोड सोड म्हनून थकलो. मायं नाई आयकून राह्यली.”

“काका, माझं तरी कशाला ऐकतील?”

ते उंबऱ्यावरच बसले. “नाई सुटली त बरं, असंबी वाटते मले. सुटली म्हंजे ती गेली.”

मी गेले. काकू ठेंगण्या, सीट पुढे ओढलेली, माझे गुडघे आपटले. आत अजून त्यांच्या केसांच्या तेलाचा वास होता. पुढे चाकापाशी काका वाकलेले. मी ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल आधीच खाली गेलेलं होतं. कुणीतरी दाबून धरावं तसं, पार तळापर्यंत.

मला ‘सोडलं’ म्हणायचं होतं. तोंडून निघालं ते असं: “काकू, घर आलं हो.”

पेडल हळूहळू वर आलं. माझा पाय उचलत वर आलं. आणि पुढे टण्ण असा आवाज झाला.

स्प्रिंग गंजून अडकली असेल, तुम्ही म्हणाल. मुलांना मीही तेच सांगितलं असतं. पण त्या उन्हाळ्यात माझा तो पाय संध्याकाळपर्यंत गार होता.

काका डिस्क मांडीवर घेऊन रडत होते. “काय म्हनलं तुमी तिले?” मी सांगितलं. बराच वेळ ते थाळीवरून हात फिरवत राहिले. “मी नुसतं सोड म्हनत व्हतो,” ते म्हणाले. “पोचली म्हनून सांगतलंच नाई वो.”

गिऱ्हाईक आलं तेव्हा गाडीला नवी डिस्क बसली होती. “काका, काही राह्यलं तं नाई ना आत?” त्याने सहज विचारलं. काकांनी एकेक दार उघडलं, प्रत्येक सीट नीट पाहिली आणि दारं लावली.

“नाई बाप्पा. आता कोनी नाई.”

तो हसला आणि गाडी घेऊन गेला. काकाही लेकीबरोबर अकोल्याला गेले. त्यांचं शेड माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. दुपारी मी ती खिडकी लावून घेते. तिथे आता खरंच कुणी नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.