मशरूमचं बाळंतपण

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे कुणाला दाखवायला लिहीत नाहीये. पण लेकीच्या जुन्या वहीत लिहितेय, तेव्हा तिच्या हाती लागलंच तर तिनं हसावं, चालेल; लाल पेनानं दुरुस्त करू नये. तिला ती खोड आहे.

मी घरात बोलते, दारात बोलत नाही. भाजीवाल्याला भावसुद्धा विचारत नाही, सांगेल ते देते. आमचे हे म्हणतात, "तुझ्यासारखं गिऱ्हाईक भेटलं की तो घरी जाऊन पेढे वाटत असेल."

बचत गटाच्या बायकांबरोबर मशरूमच्या ट्रेनिंगला गेले, तिथंही शेवटच्या रांगेत बसले आणि एकही प्रश्न विचारला नाही. पण धंदा मनात भरला. घरात बसून करायचा, आणि माल गप्प राहून वाढतो.

पैसे आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी दिले. त्या गंगापूरकडं थोरल्या दिरांकडं असतात. तिथं त्यांनी आपली शेळी विकली होती आणि ते पैसे कमरेच्या पिशवीत घालून थंडीपुरत्या आमच्याकडं आल्या होत्या. पैसे काढताना म्हणाल्या, "घे. पण होळीला मी गावाकडं जायच्या आत माझी शेळी मला पायजे. नायतर थोरली म्हणंल, धाकटीनं म्हातारीची शेळी खाल्ली."

थोरल्या जाऊबाई म्हणाल्याच असत्या, आणि तेही लग्नाच्या पंगतीत. पैशापेक्षा मला त्याचीच धास्ती जास्त.

आमच्या मोरीमागं एक अरुंद खोली आहे. उन्हाळा संपला की कूलर तिथं ठेवतो. यांनी वाळूजच्या कंपनीतली ड्युटी करून सुट्टीच्या दिवशी भंगारातल्या पाइपांचा सांगाडा उभा केला. गुलमंडीच्या बाजारातून जाड प्लास्टिकचा कागद आणला, तो भोवती गुंडाळला. आत गोणपाट टांगून ओलं केलं. सोयाबीनचं भुसकट दिरांनी जीपमध्ये टाकून पाठवलं होतं. ते भिजवून, कढत पाण्यातून काढून, निथळून पिशव्यांत भरलं आणि थराथराला बियाणं पसरलं. बियाणं म्हणजे पांढरी बुरशी चढलेले गव्हाचे दाणे. पिशव्या पांढऱ्याशुभ्र होईपर्यंत बंद अंधारात ठेवायच्या, मग खोलीत टांगून चिरा द्यायच्या, ओल ठेवायची, एवढं लक्षात होतं. पुढं हवेबद्दल काहीतरी सांगितलं होतं. शेवटच्या रांगेत नीट ऐकू आलं नाही, आणि हात वर करून कोण विचारणार?

पिशव्या टांगल्या तशा आत्याबाई पदर खोचून आल्या. "ही आता बाळंतिणीची खोली झाली. वारं लागू द्यायचं नाय." खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. दाराला जुनं लुगडं लावलं, कुणाची नजर नको म्हणून. संध्याकाळी शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी दिली. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी अशीच केली होती, मग मी तरी नाही कशाला म्हणेन? शिवाय ती खिडकी गल्लीत उघडते. बंद राहिली तर मला बरंच होतं.

हे दारातून म्हणाले, "डिंकाचे लाडू कधी करायचे?"

कोंब आले. पण छत्री कुठंच नाही. लांबच लांब माना आणि टोकाला शेंगदाण्याएवढं डोकं. यांनी निरखून बघितलं. "माना वर काढून सगळं बघतायत, बोलत कुणीच नाही. मशरूम नाहीत हे, तुझ्या बहिणी आहेत."

मला रडू येत होतं. मग यांनी फोटो काढून बियाणंवाल्याला पाठवला. त्याचा फोन आला तसा मी तो आत्याबाईंच्या हातात कोंबला.

"आजी, खोलीला खिडकी आहे का?"

"हाय की. घट्ट लावलीय. चिंध्या कोंबल्यात."

"आणि फोटोत धूर कसला दिसतोय?"

"ओव्याचा."

मग तो म्हणाला, "आजी, जीव गुदमरलाय त्यांचा. हवेसाठी माना लांबवतायत. खिडकी उघडा, जाळी लावा आणि ओल सोडू नका."

आत्याबाईंनी फोन ठेवला आणि माझ्या मानेकडं बघितलं. "तुला बी मीच कोंडलं व्हतं की गं. तुझी काय लांबली नाय."

खिडकी उघडावी लागली. बाहेर ओट्यावर आत्याबाई ठाण मांडून बसल्या. समोरची बाई थांबली. "काय आजी, आत काय पाळलंय?"

"शेळी."

"शेळी? दिसत नाय कुठं."

"पांढरी हाय. नीट बघ."

तिनं जाळीला नाक लावलं. आत मी पाण्याचा फवारा घेऊन उभी. "अगं बाई! तुम्ही इथं राहता व्हय? मला वाटलं बाप अन् पोरंच असत्यात."

सहा वर्षं मी तिच्या समोर राहतेय.

पुढच्या तोडीला तळहाताएवढ्या छत्र्या आल्या, एकीवर एक. बायका खिडकीशी येऊन विचारायच्या, हे करायचं कसं? मी आधी पिशवीकडं बघून उत्तर द्यायची, नंतर नंतर त्यांच्याकडं बघून. उभं फाडायचं, तव्यावर पाणी आटेपर्यंत परतायचं, मग कांदा, लसूण, काळा मसाला. भाव सांगितला की बाहेरून आत्याबाई खोकायच्या. मग मी थोडा वाढवून सांगायची.

काही पुडे हे कंपनीत न्यायचे. येईल तो पैसा आत्याबाईंकडं जायचा. "पुढचे दोन पाय आले," त्या म्हणायच्या. "मागचे अजून लंगडत्यात."

महाशिवरात्र झाली, ऊन चढलं. गोणपाट कितीही भिजवलं तरी दुपारी खोली तापायची. तोड कमी झाली आणि मग थांबलीच. होळी जवळ आली. आत्याबाईंचे थोडेच पैसे राहिले होते, पण ते माझ्याकडं नव्हते. गल्लीकडं होते. "नंतर देते हं" म्हणणारीला नाही कसं म्हणायचं, ते मला आलं नव्हतं.

"तुम्ही मागा ना," मी आत्याबाईंना म्हटलं.

"मी? बाळंतीण तुझी, तू बघ."

मी समोरच्या घरी गेले. तिनं दार उघडलं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "साखर आहे का वाटीभर?"

साखर घेऊन परत आले. घरात साखरेचा डबा भरलेला होता. यांनी वाटी बघितली. "वसुलीला गेली अन् उधारी करून आली!" ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मला राग आला, आणि तो कामाला आला. तीच वाटी तशीच उचलली, परत गेले. "ही तुमची साखर. मला नको होती. मला मशरूमचे पैसे पाहिजेत."

बोलून झाल्यावर मी तिच्या उंबऱ्याकडं बघत राहिले. ती हसली. "अहो, कवाचे काढून ठेवलेत. तुम्ही मागतच नाय, मला वाटलं पुढच्या खेपेच्या हिशेबात धरणार." तिनं फ्रिजवरच्या डब्याखालून नोटा काढल्या. बाकीची घरं मी त्याच झपाट्यात केली. थांबले असते तर पुन्हा पाय निघाला नसता. एकीनं अर्धेच दिले. उद्या येते म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी खरंच गेले.

होळीच्या आदल्या दिवशी थोरले दीर न्यायला आले. मी त्यांच्यासमोरच पैसे आत्याबाईंच्या हातात दिले. त्यांनी अंगठ्याला थुंकी लावून दोनदा मोजले, पिशवीत घातले, पिशवी कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "सारे आले गं. तुझ्याकडं आता माझं काय राहिलं नाय."