बोटाखालचा समुद्र

दृष्टिहीन वाचकांच्या पुस्तकासाठी एका जुन्या सागरी नकाशाचं वर्णन लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पडद्यावर तो पिवळट नकाशा उघडला आणि खडकीच्या क्वार्टरमधली बाईंची खोली आठवली. आल्याचा चहा आणि कुबट कापड, असा मिसळलेला वास यायचा तिथे.

बाई आम्हाला शाळेत इतिहास शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्यांची नजर गेली, तेव्हा कॉलेज सुटल्यावर मी त्यांना वाचून दाखवायला जायचे. एका दुपारी त्यांनी शाळेने मोडीत काढलेला असलाच एक कापडी नकाशा टेबलावर पसरायला लावला.

"सांग, काय दिसतंय?"

"हा अरबस्तानचा किनारा, ही बंदरं, इकडे कोकण..."

"किनारा मला पाठ आहे. समुद्राचं सांग."

"समुद्रात काही नाही, बाई. मोकळाच आहे."

"काही नाही कसं? माणसं बुडायची त्यात. माझं बोट धर आणि ने पलीकडे. सावकाश."

मी त्यांचं बोट अरबस्तानावरून सरकवू लागले.

"आता?"

"पाणी."

"आता?"

"अजून पाणीच."

कापडाच्या घडीला बोट अडलं, तशा त्या हसल्या. "लाट!"

कोकण लागल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. "इतकी वर्षं शिकवला, पण माझी छडी या बंदरावरून त्या बंदरावर उडी मारायची. समुद्र आज ओलांडला."

तेव्हा मला ते म्हातारपणाचं हळवेपण वाटलं होतं. आज मात्र वर्णनात आधी लिहिलेली बंदरांची नावं मी खाली ढकलली, डोळे मिटून घेतले आणि मग पहिली ओळ लिहिली: 'आधी पाणी आहे. बराच वेळ पाणीच आहे.'