सांध्यात मोडलेलं हाड

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. आज जालन्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पण हाडांचं पहिलं शिक्षण मला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी दिलं.

टेंभुर्णीच्या शिवारात आबा मेंढरं राखायचे. कुणाच्या मेंढराचा पाय मोडला की लोक ते उचलून आमच्या दारात आणायचे. आबा डोळे मिटून पायावरून बोटं फिरवत. मग आत लोकरीचा थर, त्यावर बांबूच्या कामट्या, वरून चिंधी. चिंधीचं टोक मी धरायचे. त्या लोकरीचा वास अजून नाकात आहे. महिनाभरात मेंढरू चालायला लागे. पण बोटं गुडघ्यापाशी थांबली, की आबा हात काढून घेत. "सांध्यात गेलंय. इकून टाक." मधलं हाड बांधता येतं, सांध्यातलं नाही. त्यावर वाद नाही.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. मेंढरं पाणी पीत असताना आमच्याच एडक्यानं आबांच्या उजव्या गुडघ्याला बाजूनं धडक दिली. गुडघा टम्म सुजला. आबांनी बसल्या जागी डोळे मिटले, बोटं फिरवली आणि आईला म्हणाले, "सांध्यात गेलं. झालं माझं. मेंढरं इकून टाक."

"तुम्हाला बी संगं इकू का?" आई फणकारली. "पर घील कोण?"

'आता माझा काय उपयोग' असा आबांचा चेहरा मला बघवेना. मी हट्टानं त्यांना जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालच्या हाडाचा वरचा भाग सांध्यात खचलाय. गुडघा फार न फाडता बारीक छिद्रांतून दुर्बीण घालायची, आतलं पडद्यावर बघत खचलेला तुकडा उचलायचा आणि स्क्रूनं धरायचा.

"साहेब, सांधा बांधता येत न्हाई," आबा म्हणाले. "मी जल्मभर हेच करून राह्यलो."

"बाहेरून नाही बांधता येत, बाबा. आतून दिसलं की येतो."

"मंग मला बी दावा. दिसल्याबिगर मी न्हाई मानत."

कमरेखालीच बधिर करणार होते. डॉक्टर हसले आणि पडदा आबांकडे वळवायला कबूल झाले.

ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी बाहेर बाकावर. आणलं मी होतं. पाय गेला तर आबा मेंढरांमागं कधीच जाणार नाहीत, आणि तो दोष माझा.

बाहेर आणल्यावर आबाच बोलायला लागले. "माय, आत समदं पांढरंफेक हाय गं, खोबऱ्यावानी! एक तुकडा खाली बसल्ता. डाक्टरनं खालून सळई घालून उचलला, बराबर बसवला." थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "माझ्या बोटांला एवढं दिसलं असतं, तर किती मेंढरं वाचली असती."

पुढं तीन महिने पाय टेकायचा नव्हता. मी रोज गुडघा वाकवून घ्यायचे, ते शिव्या द्यायचे. मेंढरांमागं आई जायची. आबा दारातून कुबडी उगारून तिला रस्ता सांगायचे, ती बिलकुल ऐकायची नाही.

चौथ्या महिन्याच्या शेवटी कुबडी सुटली. त्या सकाळी आबांनी स्वतः मेंढवाड्याचं फाटक उघडलं आणि आपली हाक दिली. मेंढरांनी माना वर केल्या आणि आईकडं बघितलं. आबांनी दुसरी हाक दिली. एकही हललं नाही. आईनं तोंडाला पदर लावून हसू दाबलं, मग आपली हाक दिली. सगळी भराभरा बाहेर पडली.

"चार म्हैने म्या चारली," आई म्हणाली. "आता तुमचं कोण ऐकतंय?"

आबांचं तोंड उतरलं. क्षणभर मला वाटलं, परत खाटेवर जाऊन बसतात की काय. पण त्यांनी काठी उचलली. "व्हय पुढं मंग. मी मागनं येतो."

आई पुढं, मधी मेंढरं, मागं आबा, उजवा पाय जरा बाहेर टाकत. माझं त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. ती सगळी ओढा ओलांडून पार दिसेनाशी झाली, तोवर माझी एसटी निघून गेल्ती.