घरच्या तुपाची बिस्किटं

दुसऱ्या बाईची बिस्किटं मी भांडून घरी आणली होती, हे आता सांगूनच टाकते. त्या बाईची काही चूक नव्हती, बेकरीवाल्याचीही नव्हती. माझी अक्कल कमी होती आणि आवाज लय मोठा होता.

लग्नाला दुसरं वर्ष लागलेलं. पालमला तेव्हा कुणाच्या घरात ओव्हन असणार? दिवाळीआधी बाया मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायच्या, तिथंच पीठ मळून बिस्किटं थापायच्या आणि भट्टीत भाजून डब्यात भरून आणायच्या.

सासूबाईंनी त्या साली महिनाभर लोणी साठवून घरच्या म्हशीचं तूप कढवलं होतं. नणंद पोखर्णीला दिलेली. तिच्या सासूनं पहिल्या दिवाळीला, आम्ही पाठवलेल्या चिवड्यात शेंगदाणे शोधावे लागतात, असं चारचौघींत म्हटलं होतं. पोरीला ते वर्षभर ऐकावं लागलं. यंदा तुपातली बिस्किटं पाठवून विहीणबाईंचं तोंड बंद करायचं ठरलं होतं.

माप अजून तेच आहे. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, मूठभर बेसन, वेलदोडा, चिमूटभर सोडा. तूप-साखर तळहातानं पांढरी होईस्तोवर फेसायची. नात हल्ली हे यंत्रावर फेसते आणि गुळाची, खजुराची, ज्वारीची असली बिस्किटं करते. बरी होतात. फक्त ज्वारीचं पीठ निम्मंच घ्यावं. सगळं घेतलं तर डब्यातून भुगा निघतो.

बेकरीत प्रत्येकीची खूण असायची. कुणी चारोळी लावी, कुणी टोपणाचा ठसा उमटवी. मी परभणीची शहाणी. नखानं नाजूक चंद्रकोर काढली. भट्टीत बिस्किटं फुगली, पसरली आणि चंद्रकोरी कुठल्या कुठं गेल्या. शेजारच्या मास्तरीणबाईंनी खूण केलीच नव्हती. दोघींचे ट्रे सारखेच दिसायला लागले. एकातली जरा गुबगुबीत होती, म्हणून मी ती आमची म्हणाले. बाई म्हणाल्या, वास घेऊन बघा. मी म्हणाले, मला शिकवू नका. बेकरीवाले चाचा दोनदा म्हणाले, खाके देखो बेटी. आमच्यात नैवेद्याआधी कुणी उष्टं करत नसतं, असं मी त्यांनाही ठणकावलं. मग बाईंनी उरलेल्या ट्रेमधलं एक तोंडात टाकलं आणि एकदम गप्प झाल्या. भराभरा डबा भरून निघाल्यासुद्धा. भांडणात माणूस असं मध्येच का गप्प होतं, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मी मात्र लढाई जिंकल्यासारखी घरी आले.

सासूबाईंनी एक बिस्किट मोडून खाल्लं. बाईंची बिस्किटं वनस्पती तुपातली होती, आणि ते तूप टाळूला चिकटून बसतं. सासूबाईंनी टाळूवरून दोनदा जीभ फिरवली आणि माझ्याकडं पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पळत मास्तरांच्या घरी गेले, तर दाराला कुलूप. दिवाळीच्या सुट्टीला आत्ताच गावी गेलेले. घरात तूप उरलं नव्हतं आणि पोखर्णीला तर उद्याच जायचं होतं. तूच घेऊन जा न् तूच ऐकून ये, एवढंच सासूबाई म्हणाल्या.

एसटीत डबा मांडीवर. दर खड्ड्याला वाटायचं, सांडावा एकदाचा. तो मात्र नीट पोचला. विहीणबाईंनी झाकण काढलं तेव्हा नणंद दाराआड उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून. विहीणबाईंनी एक खाल्लं. दुसरं खाल्लं. मग शेजारणीला हाक मारून तिच्या हातावर एक ठेवलं आणि म्हणाल्या, घरच्या तुपाची बातच वेगळी, तोंडात घातल्याबरोबर कळतंय. नणंदेची मूठ सैल झाली. मी खाली मान घालून चहा पीत राहिले. संपला तरी पीतच राहिले.

परत आल्यावर सासूबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, सुटले आता, हसतील. त्या ज्वारी निवडत होत्या. सुपातला हात थांबला. त्या म्हणाल्या, "जिला तूप न् वनस्पती वळखू येईना, तिच्या घरी पोरगी दिली व्हय गं आपण?"