माझी जपानी गिटार

मैत्रिणींनो, आज माझी जुनी जपानी इलेक्ट्रिक गिटार आणायला बदनापूरला माहेरी गेल्ते. लग्नाआधी ऑर्केस्ट्रात मी तीच वाजवायचे.

आतून पोकळ, पण बनवलेली इतकी पक्की, की आपल्याकडच्या एवढ्या उन्हाळ्यांत एक सांधा उकलला न्हाई. टिचकी मारली तरी घुमायची.

आज टिचकी मारली, तर नुसतं ठक्क.

भाऊ म्हणाला, "स्पीकरजवळ नेली की शिट्टी मारायची, ताई. मंग खिडकीच्या फटीत भरतात तो फोम आत भरला. आता बराबर आहे."

फोम आत फुगून दगडासारखा घट्ट बसल्ता.

"अरे, मला विचारायचं तरी!"

"तुला कुठं वाजवायचीय आता?"

आई शेजारीच होती. तिनं भावापुढं चहा ठेवला. मी गिटार उचलून निघून आले.

तुमच्या माहेरी ठेवलेल्या वस्तू अजून तुमच्याच आहेत का?