आईच्या माथी मारलेलं ग्रहण

"विहीणबाई, तुम्ही नका भरू ओटी. उगीच शंका नको."

माझ्या आत्तेसासूबाई हे भरल्या हॉलमध्ये म्हणाल्या. सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या बंगल्यात. मला सातवा महिना होता. आई वडूजहून दोन एसट्या बदलून आली होती. तांदूळ, नारळ, हिरवा खण घेऊन. तिनं नुसती मान हलवली. ताट खाली ठेवलं आणि चपला काढतात तिथं जाऊन उभी राहिली. शिकल्यासवरल्या घरांतल्या बायकांनी माझी ओटी भरली. एकीनंही तोंड उघडलं नाही. मीही नाही. ते मला अजून सलतं.

शंका माझ्या डाव्या हाताची होती. त्याची तीन बोटं जन्मापासून अर्धी आहेत. करंगळीभोवती खोल खाच आहे, कुणी दोरा करकचून बांधावा तशी. मी पोटात असताना आईनं ग्रहणात भाजी चिरली, म्हणून माझी बोटं तुटली, हे गावात पोराटोरांनाही पाठ होतं. हळदीकुंकवाला गेलं की कुणी विचारायच्या आत आईच सांगायची, "माजंच चुकलं." चौदा वर्षांची असताना शाळेत मुलींनी फुगडीला माझा हात धरला नाही. मी घरी येऊन तिच्यावर ओरडले, "तुज्या एका भाजीपायी माजा हात गेला!" ती चुलीपुढं बसून राहिली. त्या दिवशी जेवली नाही.

ओटीनंतर चार दिवसांनी सोनोग्राफीला गेले. डॉक्टरबाईंनी माझा हात उचलून नीट पाहिला. मी सवयीनं ग्रहणाचं सांगितलं. त्या चिडल्याच.

"ग्रहणाचा काय संबंध? पोटात बाळाभोवती पातळ पडदा असतो. तो कधीकधी फाटतो. त्याचे धागे सुटून बोटांना गुंडाळतात. बाळ वाढतं तसा धागा आवळत जातो. आईचा काडीचाही दोष नसतो. परदेशात तर आता आईच्या पोटात दुर्बीण घालून असा धागा कापलाय, जन्माआधीच. हात वाचलाय. आपल्याकडे अजून होत नाही."

माझ्या बाळाचं सगळं ठीक होतं. तरी बाहेर बाकावर बसून मी रडले. तिकडं डॉक्टर धागा शोधतात, आमच्याकडं बाई शोधतात. कुणालाही न सांगता मी तशीच वडूजची वाट धरली.

आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"त्या गिराणात मी काय चिरलंच न्हवतं गं," ती म्हणाली. "उलट्यांनी अंथरुनातनं उठवत न्हवतं मला."

"मग इतकी वर्सं का सांगत आलीस?"

"तुजी आजी म्हनली, चिरलं असशील. मग समदीच म्हनाय लागली. न्हाई म्हनलं की लय चिडायची. म्हनलं, व्हय. मग मलाबी तसंच वाटाय लागलं."

तेवीस वर्षं. न केलेल्या गुन्ह्याची कबुली. आणि ती वदवून घेणाऱ्यांत मीही होते. मी तिचे पाय धरायला वाकले.

"आगं, वाकू नगंस," ती घाबरून म्हणाली, "पोट दबंल."

दुसऱ्या दिवशी सांगलीला परतले. सासूबाई आणि आत्तेसासूबाई चहा घेत होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या ते शब्दन् शब्द सांगितलं.

"डॉक्टर काय, काहीही सांगतात," सासूबाई म्हणाल्या.

"बारसं वडूजला होईल," मी म्हणाले. "बाळाला पाळण्यात पहिल्यांदा माझी आई घालेल. तुम्हाला यायचं तर या. पण आधी तिची माफी मागायची."

आत्तेसासूबाईंनी कप खाली ठेवला. "पोटुशी आहेस म्हणून ऐकून घेतेय."

"ऐकून घेऊ नका," मी म्हणाले. " लक्षात ठेवा. उद्या माझ्या बाळाचं काही कमी-जास्त निघालं, तरी या घरात कुठल्याही बाईकडं बोट दाखवायचं नाही. माझ्या आईकडं नाही, माझ्याकडंही नाही. दाखवलंत, तर त्याच दिवशी मी बाळ घेऊन निघेन. अर्ध्या बोटांनीही मूल उचलता येतं."