बांधायचं की सोडायचं

सिद्धम्मा मूळची दुधनीची. नवरा गेल्यावर सोलापुरात आली आणि सात रस्त्याजवळच्या एका वृद्धाश्रमात मावशी म्हणून लागली. तिच्याकडे गुरुबसप्पा सांभाळायला होते; सगळे त्यांना अप्पा म्हणत. एकेकाळी त्यांचं सुताचं दुकान होतं. आता स्वतःचं नावही आठवत नव्हतं. जेवण झालं की उठायचे आणि "अंगडी, अंगडी" म्हणत दाराकडे निघायचे. अंगडी म्हणजे दुकान. एकदा ते पडले, तेव्हा त्यांचा मुलगा गुरुशांत तिच्यावर खूप ओरडला. तेव्हापासून ती त्यांची मनगटं जुन्या साडीच्या पट्टीनं खुर्चीच्या दांड्यांना बांधून ठेवी. काचू नये म्हणून आत कापूस घाली.

मग निवेदिता मॅडम व्यवस्थापक म्हणून आल्या. त्यांनी पट्ट्या सोडायला लावल्या.

"त्यांना चालायचंय ना मावशी, मग सोबत चाला. पलंगही बुटका करून घेऊ."

"आन् पडले म्हंजे?"

"पडतीलही कधी."

सिद्धम्माला काही कळेचना. आधी पडले म्हणून बोलणी खाल्ली, आता बांधलं म्हणून.

तरी ती त्यांच्यासोबत फाटकापर्यंत जाऊ-येऊ लागली. बांधलेले असताना अप्पा रोज संध्याकाळी ओरडत, ते कमी झालं. पण एका दुपारी ती दुसऱ्या आजींना पाणी पाजत होती, तेवढ्यात ते पडलेच. कपाळावर टेंगूळ आलं.

गुरुशांत धावत आला. "बांधलं का नव्हतं?" मॅडम समजावू लागल्या, तो ऐकेना. "मावशी, पट्टी आणा."

तिनं आणली, पण बांधायला हात उठेना.

"मला बी समजंना झालंय, दादा. बांधलं तरी जिवाला लागतंय, न्हाय बांधलं तरी. तुमीच बांधा की."

तो पट्टी घेऊन बापासमोर वाकला. गुरुबसप्पांनी दोन्ही मनगटं आपणहून दांड्यांवर ठेवली आणि वाट बघत बसले.

"रोज असंच करायचे?"

"व्हय."

गुरुशांतनं पट्टी टेबलावर ठेवली. बांधा म्हणाला नाही, बांधू नका असंही म्हणाला नाही. "लक्ष ठेवा," एवढं बोलून निघून गेला.

पुढं अप्पा आणखी एकदा पडले. हाड मोडलं नाही. आता गुरुशांत रविवारी येतो, त्यांना धरून फाटकापर्यंत नेतो. बरोबर काय, हे सिद्धम्माला अजून उमगलेलं नाही. अप्पा उठले की ती चपला शोधत त्यांच्यामागं निघते.